खाडीत दोर सोडण्याआधी

सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या वाडीतून पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताईंनी नाव न छापण्याची विनंती केली आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

«बाई, मी मासे विकते. यजमान गिलनेटची होडी चालवतात, सासरे रापणीला जायचे. गेली चार-पाच वर्षं होडी डिझेल आणि बर्फाचे पैसे काढून येते, त्यापुढे हातात काही राहत नाही. यजमानांच्या चुलतभावाने एक जुना ट्रॉलर बघून ठेवलाय. निम्मा हिस्सा आमचा. त्यासाठी माझ्या पाटल्या आणि घराचा कागद गहाण ठेवायचा म्हणतात. इकडे आमच्या बचत गटात दहा बायका आहोत. एक माणूस येऊन सांगून गेला की समुद्रात शेवाळ लावा, पंचेचाळीस दिवसांत पीक निघतं, सगळा माल मी उचलतो. गटातल्या दोघी म्हणतात, त्यापेक्षा खाडीत कालवं नाहीतर शिनाणे लावूया. टीव्हीवर सारखं दाखवतात की माणसं वाढली, आता त्यांचं पोट समुद्रच भरणार, प्यायचं पाणीसुद्धा समुद्रातून येणार. आणि आमच्या विहिरीचं पाणी मार्चपासून मचूळ लागतं. सासूबाई म्हणतात, ‘दर्यो कोणाक उपाशी ठेवना नाय.’ मला रात्रीची झोप नाही. काय करू? अजून एक, मुलगी बारावीला आहे. तिला मत्स्यशास्त्र शिकायचंय. वाडीतले हसतात.»

ताई,

पाटल्या कपाटातच राहू द्या. घराचा कागदही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण पत्रावरची तारीख पाहता तुमच्या घरात हा निर्णय येत्या काही दिवसांत होईल, आणि बाकीचं वाचायला तुम्हाला वेळ मिळो न मिळो.

आता कारण सांगते. यजमानांचा विचार वेडगळ आहे असं मी म्हणणार नाही. जो माणूस जन्मभर दर्यात गेला, त्याला होडी कमी मासे आणू लागली की मोठी होडी हवीशी वाटणारच. त्यांच्या वडिलांच्या काळात हे गणित बरोबरही होतं. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ते बदललं आहे. साऱ्या जगात समुद्रातून आणि नद्यांतून मिळून जेवढी मासळी पकडली जाते, तो आकडा १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून वर्षाला ९ कोटी टनांच्या आसपासच घुटमळतो आहे. या काळात बोटी वाढल्या, इंजिनं मोठी झाली, मासा शोधायची यंत्रं आली. मासळी वाढली नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना ज्या साठ्यांवर लक्ष ठेवते, त्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त साठ्यांमधून झेपेल त्यापेक्षा अधिक मासा उपसला जातो आहे. म्हणजे नव्या ट्रॉलरला जो मासा मिळेल, तो कुणाच्या तरी जुन्या जाळ्यातला असेल. बहुतेक वेळा शेजाऱ्याच्याच.

आणि जुना ट्रॉलर! त्याचं डिझेल, खलाशांचा पगार, जाळी, इंजिनाचं काम, बर्फ, हे सगळं मासा मिळो न मिळो द्यावंच लागतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी, त्यानंतरही वादळाची सूचना आली की बोट बंदरात. सावकाराचं किंवा बँकेचं व्याज मात्र ६१ दिवसांची सुट्टी घेत नाही. कर्जाने दबलेली ट्रॉलरवाली माणसं पुढे काय करतात ते तुम्ही किनाऱ्यावर राहून पाहिलंच असेल. आधी किनाऱ्याजवळ शिरतात, मग जाळ्याची आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, लहान करतात, मग मासा ओढून घ्यायला रात्री दिवे लावतात. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली, आणि राज्याने २०२१ मध्ये आपला मासेमारीचा कायदा दुरुस्त करून दंड पुष्कळ वाढवला. यजमान तसं करतील असं मी म्हणत नाही. पण हप्ता दारात उभा राहिला की चांगल्या माणसाचाही हात दिव्याच्या बटणाकडे जातो. ज्या परराज्यातल्या हायस्पीड बोटींना आपले लोक इतकी वर्षं विरोध करत आले, त्यांच्यासारखीच एक बोट आपल्या घरची असावी, हे त्यांनाही मनातून नको असेल. त्यांना हेच विचारून बघा, भांडण न करता.

सासूबाईंचं वाक्य मला फार आवडलं. त्यांच्या काळात दर्या उपाशी ठेवत नव्हता, कारण माणूस रापणीने, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याने, जेवढं येईल तेवढं घ्यायचा, आणि रापणीत वाडीतल्या प्रत्येकाचा वाटा असायचा. विधवेलाही वाटा मिळायचा.

टीव्हीवर जे सांगतात त्यात तथ्य आहे, फक्त ते अर्धंच सांगतात. २०२२ साली जगात पहिल्यांदाच असं घडलं की पकडलेल्या जलचर प्राण्यांपेक्षा वाढवलेले, म्हणजे संवर्धनातून आलेले जास्त झाले. वाढवलेले ९.४४ कोटी टन, एकूण उत्पादनाच्या ५१ टक्के. तेव्हा वाढत्या माणसांच्या ताटात पुढे जो मासा येणार आहे तो बराचसा शेतीतूनच येणार, हे खरं. न सांगितलेला भाग असा की शेतीतला प्राणीही काहीतरी खातो. कोळंबीला, जिताड्याला, खेकड्याला खायला घालावं लागतं, आणि त्या खाद्यात पुष्कळदा समुद्रातलीच लहान मासळी दळलेली असते. तारली, पेडवे, बारीकसारीक कुटा. गरिबाच्या कालवणातला मासा असा श्रीमंताच्या माशाच्या पोटात जातो. तुमच्या टोपलीतून दहा रुपयांचे पेडवे घेऊन जाणारी बाई तुम्हाला आठवत असेलच.

म्हणून तुमच्या गटातल्या त्या दोघींचं म्हणणं मला सगळ्यात पटलं. कालव आणि शिनाणे, हे खडकाला चिकटून राहणारे शिंपल्यातले प्राणी, यांना काहीच खायला घालावं लागत नाही. भरतीच्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ आणि कण ते गाळून घेतात, आणि एकेक प्राणी दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळतो. खाद्याचा खर्च नाही, वीज नाही, पंप नाही, तळं खणायला नको, कांदळवन तोडायला नको. बाईच्या हाताने आणि लहान होडीने करता येण्यासारखं काम आहे. केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या पडन्ना भागात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बायकांचे गट शिनाण्यांची शेती करत आले आहेत. तंत्र कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात बसवलं होतं. ते गावात रुजायला वीस वर्षं लागली, हेही लक्षात ठेवा.

पद्धत तुम्हाला माहीत असेल तरी सांगते, कारण गटातल्या बाकीच्या जणींना वाचून दाखवाल. खाडीत जिथे ओहोटीलाही दीड-दोन मीटर पाणी राहतं तिथे बांबूचा मांडव उभा करायचा. मीटरभर लांबीच्या दोराभोवती शिनाण्यांचं बी, म्हणजे इंचभराची पिल्लं, पसरायची आणि वरून सुती मच्छरदाणीचं कापड गुंडाळून शिवून टाकायचं. दोर मांडवाला टांगायचे. शिनाणे आपल्या तंतूंनी दोराला घट्ट धरतात, तोवर कापड कुजून गळून पडतं. नायलॉनची जाळी वापरू नका. ती कुजत नाही, आणि खाडीत आधीच पुष्कळ प्लॅस्टिक आहे. मीटरभर दोराला साधारण एक ते दीड किलो बी लागतं, आणि सगळं नीट जमलं तर पाच-सहा महिन्यांत त्यावर आठ-दहा किलो माल चढतो. हा कवचासकटचा आकडा आहे. उकडून सोलल्यावर मांस त्याच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढंच भरतं. कुणी तुम्हाला कवचासकटच्या वजनावर मांसाचा भाव लावून नफा दाखवला, तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

सगळं नीट जमलं तर, असं मी म्हटलं. आता जे नीट जमत नाही त्याबद्दल, कारण तिथेच माझी उमेदीची वर्षं गेली.

पहिलं पाणी. शिनाण्यांना खारं पाणी लागतं, हजार भागांत साधारण २७ ते ३५ भाग मीठ. पावसाळ्यात आपल्या खाड्या अगदी गोड्या होतात, तेव्हा दोरावरचा सगळा माल मरतो. म्हणून हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि पहिल्या मोठ्या पावसाआधी संपवावाच लागतो. यात तडजोड नाही. आणखी आठ दिवस ठेवले तर वजन भरेल, या आशेवर मी एका गटाचे सत्तर दोर एका रात्रीच्या वळवाने गेलेले पाहिले आहेत. कालव थोडं चिवट असतं, गोडं पाणी काही काळ कवच मिटून सोसतं, पण त्याला वाढायला जास्त महिने लागतात. तुमच्या खाडीच्या कोणत्या टप्प्यात काय टिकेल हे मला पत्रावरून सांगता येणार नाही. ते मोजावं लागेल. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं वीतभर लांबीचं साधं उपकरण येतं. त्यावर पाण्याचा थेंब टाकून उजेडाकडे धरलं की मिठाचा आकडा दिसतो. गटाने पहिली खरेदी बांबूची नव्हे, याची करावी.

दुसरं घाण. जो प्राणी पाणी गाळून जगतो तो पाण्यातलं सगळंच गाळतो, संडासाचं पाणीही. तुमच्या मांडवाच्या वरच्या अंगाला कुणाचं गटार, हॉटेलचं सांडपाणी, मासळीच्या कारखान्याचा नाला येतो का, हे स्वतः चालत जाऊन बघा. ओहोटीला बघा, भरतीला काही दिसत नाही. येत असेल तर जागा बदला. जागा चांगली असली तरी माल काढल्यावर विकण्याआधी किमान एक दिवस स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवायचा म्हणजे पोटातला गाळ आणि बरेचसे जंतू बाहेर पडतात. हे टाळून विकलेल्या एका टोपलीने एक जरी घर आजारी पडलं, तरी तुमच्या दहाजणींचं नाव आणि बाजार दोन्ही गेलं.

तिसरं बी. बी खडकांवरून खरवडून आणतात. पावसानंतर ते खडकावर दिसू लागतं. त्याच खडकांवरून वाडीतल्या म्हाताऱ्या बायका वर्षानुवर्षं शिनाणे आणि कालवं काढून पोट भरत आल्या आहेत. कोयता आणि हातोडी घेऊन भरतीची वेळ सांभाळत जाणाऱ्या त्या बायकांना कुठलंही अनुदान मिळत नाही. तुमच्या गटाने खडक साफ केले तर पहिला घास त्यांच्या तोंडचा जाईल. त्यांना गटात घ्या, नाहीतर निदान बी विकत त्यांच्याकडून घ्या आणि कुठला खडक राखून ठेवायचा हे त्यांनाच ठरवू द्या. त्यांना ते आपल्या कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त कळतं. खाडी सगळ्यांची असते. बांबू रोवला की ती थोडी आपली होते, आणि हे ज्याच्या हातून घडतं त्याच्या लक्षातही येत नाही.

चौथं, आणि मला सगळ्यात जास्त सतावणारं, गिऱ्हाईक. पुष्कळ वर्षांपूर्वी मी ज्या प्रकल्पात काम करत होते, तिथे आम्ही बायकांना दोर दिले, बी दिलं, प्रशिक्षण दिलं. पीक सुरेख आलं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चारशे किलो माल काठावर उभा, आणि ज्याने तो उचलायचा त्या व्यापाऱ्याने फोन घेणं बंद केलं. प्रकल्पाच्या कागदात ‘विपणन’ असा एक रकाना होता आणि त्यात दोन ओळी लिहिलेल्या होत्या. त्या दोन ओळींवर आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला, मीही. पाऊस तोंडावर होता. बायकांनी अर्धा माल वाडीत वाटला, अर्धा सडला. पुढच्या वर्षी त्यांतली एकही आली नाही, आणि मला त्यांच्या दारात जायची हिंमत झाली नाही. तुमच्याकडे मात्र त्या बायकांकडे नसलेली एक गोष्ट आहे: तुम्ही स्वतः विकता. कोणत्या हॉटेलवाल्याला काय हवं असतं, कोण उधारी बुडवतो, शनिवारी-रविवारी पर्यटक काय मागतात, हे तुम्हाला तोंडपाठ असेल. दोर सोडण्याआधी चार खाणावळी आणि दोन हॉटेलं फिरा. आठवड्याला किती किलो, कवचासकट की सोललेलं, कुठल्या भावाने, ते वहीत लिहून घ्या. वहीत जेवढे किलो भरतील तेवढेच दोर पहिल्या वर्षी. त्याहून एकही जास्त नको. माझ्या अंदाजाने चाळीस दोर पुरे होतील. त्यात खूप पैसा मिळणार नाही. पण तुमची खाडी काय देते आणि काय देत नाही, ते कळेल, आणि हे कळायला गहाण काही ठेवावं लागणार नाही.

पैशांबाबत. राज्याची कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना २०१७ पासून आहे. तिच्यात कालवं, शिनाणे, खेकडे, जिताडा या सगळ्यांचा समावेश आहे, आणि गटांना खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्यासाठी गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती लागते. नसेल तर ग्रामसभेत विषय काढा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवन सफर चालवतात, त्यांना एकदा जाऊन भेटा. कागदपत्रांचा रस्ता त्यांनी चाललेला आहे. केंद्राच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बायकांना ६० टक्के अनुदान ठेवलेलं आहे. नवी मंजुरी कशी आणि केव्हा मिळते हे मालवणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. अनुदान बहुधा काम झाल्यावर हाती येतं, म्हणून आधीचा खर्च गटाच्या बचतीत बसेल एवढाच धरा. आणि मांडव होड्यांच्या वाटेत येत नाही ना, हे यजमानांना विचारा. त्यांना या कामात ओढायची ही चांगली जागा आहे. खाडीचा तळ, गाळ, ओढ, वाट त्यांना माहीत. मांडव त्यांनी उभा करावा आणि त्याची मजुरी गटाने द्यावी, रोख.

शेवाळवाल्या माणसाबद्दल. तो खोटं बोलला नाही, पण त्याने तामिळनाडूची गोष्ट तुमच्या गावात आणून सांगितली. मंडपम, रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस नावाचं शेवाळ लावतात. त्यातून कॅरेजीनन निघतं, जे आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत घट्टपणासाठी वापरतात. पंचेचाळीस दिवसांत पीक येतं, हेही खरं. पण तिथला पाल्कचा उपसागर उथळ आणि पुष्कळसा शांत आहे. आपल्याकडे जूनमध्ये दर्या खवळला की तराफा काठीकाठीने किनाऱ्याला लागतो, आणि खाडीत आत नेला तर गोड्या पाण्याने शेवाळ मरतं. तिथेही २०१३ नंतर पाणी तापल्याने आणि रोगाने पीक मोठ्या प्रमाणावर गेलं होतं. शिवाय दहा किलो ओलं वाळवलं की जेमतेम किलोभर सुकं हाती येतं, तेव्हा भाव ओल्याचा सांगितला की सुक्याचा, ते विचारायला हवं होतं. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर गोष्ट ही की हे शेवाळ आपलं नाही, बाहेरून आणलेलं आहे. मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ ते शेतातून सुटून जिवंत प्रवाळावर पसरल्याची नोंद २००८ साली झाली. मालवणजवळ आपल्याकडे प्रवाळ आहे, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे ते सुटलं तर परत गोळा करणं कुणाच्याही हातात नाही. आपल्या किनाऱ्यावर स्थानिक शेवाळं पुष्कळ आहेत आणि त्यांवर अभ्यास होतो आहे. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राने जर कधी स्थानिक जातीचं बी आणि पद्धत दिली, तर जरूर लावा. एकट्या व्यापाऱ्याच्या शब्दावर, त्याच्याच बियाण्याने, त्यालाच विकायच्या बोलीवर नको.

आता विहीर. तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे, पण मला ती ट्रॉलरपेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही. शिनाणे धुवायला, उकडायला, हात धुवायलाही गोडंच पाणी लागेल.

समुद्राचं पाणी गोडं करता येतं. चेन्नईजवळ मिंजूर इथे २०१० पासून रोज १० कोटी लिटर क्षमतेचा कारखाना चालतो. दाबाने खारं पाणी पडद्यातून ढकलायचं, गोडं पलीकडे येतं. हजार लिटरला साधारण तीन-चार युनिट वीज लागते, आणि जितकं गोडं मिळतं त्याहून जास्त खारट पाणी परत समुद्रात सोडावं लागतं. मोठ्या, तहानलेल्या शहराला ते कदाचित टाळता येणार नाही. लक्षद्वीपच्या कवरत्तीवर राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये रोज एक लाख लिटरचा एक वेगळाच प्रकल्प सुरू केला: वरचं कोमट पाणी पोकळीत उकळवायचं आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेल्या गार पाण्याने त्याची वाफ थंड करायची. ही कल्पना वाचली तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण बेटाच्या काठाशीच समुद्र तेवढा खोल आहे म्हणून ते तिथे जमतं. आपल्याकडे तेवढी खोली गाठायला किनाऱ्यापासून फार दूर जावं लागेल. आणि बेटावर पर्याय नव्हता. तुमच्या वाडीवर वर्षाला तीन मीटर पाऊस पडतो. पाचशे चौरस फुटांच्या कौलांवर पडणारं पाणी मोजा, सव्वा लाख लिटरच्या वर जातं. ते पन्हळीतून उतरतं आणि तासाभरात खाडीला मिळतं.

विहीर मचूळ होते त्याचं कारण बहुधा तुमच्या विहिरीत नाहीच. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, दह्यावर साय असते तसं. वरची पातळी फूटभर उतरली की खालची खारी सीमा हिशोबाने चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकते. आजूबाजूला गेल्या पाच-सात वर्षांत कुणी खोल बोअर मारली का, एखादं रिसॉर्ट पंप लावून उपसतं का, ते बघा. माझा अंदाज आहे, सापडेल. तो विषय ग्रामपंचायतीत एकटीने काढू नका, दहाजणी मिळून काढा. तोवर स्वतःच्या कौलांचं पाणी एका टाकीत आणि टाकी भरल्यावर वाळूच्या गाळणीतून विहिरीत उतरवा. पहिल्या पावसाचं सोडून द्या. दोन पावसाळ्यांनी फरक कळेल, एकाने कळेलच असं नाही. आणि खाडीकाठची तिवरं, चिपी ही कांदळवनाची झाडं कुणी तोडत असेल तर अडवा.

मासे विकणारी म्हणून तुमच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं आहे. पापलेटासाठी ते १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. तळहातापेक्षा लहान पापलेटं लिलावात आली की बोली लावू नका. तुमच्या एकटीने नाही लावली तर दुसरी घेईल, हे मला माहीत आहे. म्हणून बंदरावरच्या बायकांशी आधी बोला. लिलावात बायका गप्प राहिल्या की तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, ते ऐकू येतं.

यजमानांशी बोलताना ट्रॉलर नको एवढंच सांगून थांबू नका, होडीचं काय ते सांगा. होडी विकू नका. इंजिन दुरुस्त करून, बंदीचे दिवस नीट पाळून, ठरावीक हंगामात ती चालू दे. बर्फ चांगला वापरून ताजा मासा तुम्ही थेट खाणावळींना द्या. किसान क्रेडिट कार्ड आता मासेमारांनाही मिळतं, त्यावर खेळतं भांडवल घ्या आणि सावकार तोडा. दोन-तीन आधारांवर घर चालावं: होडी, तुमची टोपली, आणि जमलं तर चाळीस दोर. एका वर्षी एक आधार कमी पडेल, सगळे एकदम पडणार नाहीत. चुलतभावाला वाईट वाटेल. वाटू दे.

मुलीला शिकू द्या. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीतच आहे, बारावी विज्ञान आणि सीईटी देऊन चार वर्षांची पदवी होते. हसणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज नाही. पण परीक्षेला अजून महिने आहेत, तर मिठाचा आकडा घ्यायचं काम तिच्याकडे सोपवा. खाडीच्या तीन जागा ठरवा: मुखाजवळ, तुमच्या वाडीसमोर, आणि वर जिथे कांदळवन संपतं तिथे. आठवड्यातून एकदा, भरती पूर्ण भरल्यावर आणि ओहोटी पूर्ण लागल्यावर. तारीख, तिथी, वेळ, आकडा, आदल्या दिवशी पाऊस होता का. सहा आठवड्यांची वही भरली की तिची नक्कल मला पाठवा, मग शिनाणे की कालव ते आपण ठरवू. पहिला आकडा येत्या अमावास्येच्या ओहोटीचा घ्यायला सांगा, आणि त्या दिवशी तिच्याबरोबर तुम्हीही जा, गटार बघायचं आहे ना.